हळदीकुंकवाची महिला सभा

ही गोष्ट सांगायची मी बारा वर्षं टाळली. टाळणं तसं अवघड गेलं नाही. ग्रामसेवकाच्या नोकरीत माणूस दुसरं काही शिको न शिको, विषय पुढच्या सभेवर ढकलायला शिकतोच. हिंगोलीत आम्हा निवृत्त लोकांचा एक कट्टा आहे. तिथे मी टँकरच्या, निवडणुकीच्या, नव्या शौचालयात सोयाबीनची पोती रचून ठेवणाऱ्या एका सरपंचाच्या गोष्टी सांगितल्या. लोक पोट धरून हसले. ही मात्र सांगितली नाही. कारण हिच्यातही हसण्यासारखं पुष्कळ आहे, आणि कट्टा हसला असता तर मीही त्यांच्याबरोबर हसलो असतो, याची मला खात्री होती.

ज्या बाईची ही गोष्ट आहे, तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते मी एकदा लिहिलं होतं. तेवढं पुरे झालं. आणि तिचं लिहायचं नाही म्हटल्यावर बाकीच्यांची नावं लिहिण्यातही अर्थ नाही.

गाव औंढा तालुक्यातलं. बाजार करायला लोक जवळा बाजारला जायचे. गाव आणि तांडा मिळून एक ग्रामपंचायत होती. गावात जमीनजुमला असलेली शेतकरी घरं. तांड्यात एकेकाळी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलखभर फिरणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं, आता कोरडवाहू तुकडे कसणारी. दोघांच्या मध्ये काळ्या दगडाची एक टेकडी. तिच्या उगवतीला गाव आणि डांबरी रस्ता, मावळतीला तांडा आणि तांड्याची एकुलती एक विहीर. टेकडी सरकारी गायरान होती, म्हणजे कुणाचीच नव्हती. शेळ्या तेवढ्या तिला आपली समजायच्या. मग मोठ्या रस्त्याचं काम निघालं, खडी हवी झाली, आणि टेकडी एकदम सगळ्यांची झाली.

पुढचं कळायचं तर आमच्या कामाची एक रीत आधी सांगायला हवी. ग्रामसभेत आधी सभा, मग ठराव, मग सह्या असा क्रम पुस्तकात दिलेला आहे. आमच्याकडे तो उलटा होता. सह्या सवडीने घरोघर व्हायच्या, ठराव मी आदल्या दिवशी दुपारी लिहून ठेवायचो, आणि सभा जमली तर व्हायची. यात लबाडी आहे असं मला तेव्हा वाटत नसे. माझं अक्षर सुंदर होतं. सभेत गोंगाटात लिहिलं तर ते बिघडे. ठराव मांडणारा तो सूचक आणि त्याला दुजोरा देणारा तो अनुमोदक. गावातल्या बहुतेक सूचकांना आपण काय सुचवलं ते मरेपर्यंत कळलं नाही. एक म्हातारे पाटील तर ठार बहिरे होते. मी त्यांना ओळीने अकरा ठरावांचं अनुमोदन द्यायला लावलं होतं.

तर खडी केंद्रवाले आले. त्यांचा मॅनेजर परमुलखातला, हिंदी बोलणारा, स्वभावाने गरीब माणूस होता. कंपनी आणि ग्रामपंचायत यांच्यात करार व्हायचा होता: टेकडी कंपनी फोडणार, त्याबदल्यात गावाला काय काय देणार. गावाच्या वतीने वाटाघाटीला सरपंच आणि चार वजनदार माणसं बसली. वजनदार हे मी सर्व अर्थांनी म्हणतो, कारण त्यांनी पहिली मागणी व्यायामशाळेच्या सामानाची केली. दुसरी मारुतीसमोर फरशी, तिसरी चौकात उंच खांबाचा मोठा दिवा. मॅनेजरने तिन्ही एका चहात मान्य केल्या. आपण फार कमी मागितलं की काय, अशी शंका चौघांच्या तोंडावर दिसली, पण तोवर चहा संपला होता.

फाइल वर गेली आणि शेरा घेऊन परत आली: महिला सभेचे इतिवृत्त जोडावे. नियमच आहे तसा. ग्रामसभेच्या आधी बायकांची स्वतंत्र सभा घ्यायची, त्यांचं म्हणणं नोंदवायचं.

सरपंच म्हणाले, “भाऊसाहेब, बायका जमवणं सोपं हाय. उठवणं अवघड. तुमीच काही तरी डोकं चालवा.”

डोकं चालवण्यासाठीच मला पगार होता. संक्रांत झालेली होती, हळदीकुंकवाचे दिवस चालू होते. शाळेच्या व्हरांड्यात सरपंचांच्या मंडळींनी मोठं हळदीकुंकू केलं. वाण म्हणून मॅनेजरने झाकणाचे स्टीलचे डबे पाठवले. एकीने दोन डबे नेऊ नयेत म्हणून मी वही ठेवली आणि डबा घेणारीची सही किंवा अंगठा घेतला. वहीच्या वरच्या चार ओळी मी कोऱ्या सोडल्या होत्या. बायका घरी गेल्यावर तिथे लिहिलं: महिला सभा, विषय, टेकडीवरील दगड उत्खनन करार. अशा रीतीने तिळगूळ घ्या, गोड बोला असं म्हणता म्हणता गावातल्या साठ-सत्तर बायकांनी दगडाच्या खाणीला मंजुरी दिली. बायकांचा इतका उत्साही प्रतिसाद त्या तालुक्यात कुठल्याच सभेला मिळाला नसेल.

एक अडचण राहिली. सभेला अध्यक्षा हवी. मी सरपंचांच्या मंडळींचं नाव घालतो म्हणालो, तर सरपंच दचकले. म्हणाले, “घरच्या बाईचं नाव कागदावर नको. उद्या काही लफडं झालं म्हंजे?” लफडं होऊ शकतं हे त्यांना कळत होतं. मलाही. मी ती जागा रिकामी ठेवली.

मग सव्वीस जानेवारीची ग्रामसभा आली. झेंडावंदन झालं, मुलांना गोळ्या वाटल्या, शाळेच्या मैदानावर खुर्च्या मांडल्या. माझ्यासमोर इतिवृत्ताची वही होती आणि तिच्यात कराराचा ठराव, ‘सदर गटातील संपूर्ण क्षेत्र’ या शब्दांसह, पानभर, सुबक अक्षरात तयार होता. मी ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणणार, एवढ्यात तांड्याच्या पंधरा-वीस बायका आल्या. मागे सतरंजी होती, तिकडे त्या गेल्या नाहीत. मॅनेजरची खुर्ची आणि माझं टेबल यांच्या मधोमध मातीत बसल्या.

त्यांच्या पुढे होती ती. साठीच्या आसपासची. तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई. गावात तिला खडीवाली म्हणत. लहान वयापासून तिने रस्त्याच्या कामांवर खडी फोडली होती. जिल्ह्यातल्या कुठल्या रस्त्याखाली कुठल्या टेकडीचा दगड आहे, हे तिला बांधकाम खात्यापेक्षा जास्त ठाऊक असावं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

ती म्हणाली, “टेकडी घेऊन राहिले म्हणं.”

सरपंच म्हणाले, “याडी, बायकांची सभा झाली ना मागंच. तवा यायचं व्हतं.”

“ती कुंकवाची सभा व्हती. मला कोण बोलावंल?”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या, पुरुष उघड हसले. मॅनेजरला काही कळलं नाही, पण तोही हसला, आणि त्याने हात जोडून तिला माताजी म्हटलं. पूर्ण गावाचा यात फायदा आहे, असं तो हिंदीत सांगू लागला.

“फायदा राहू द्या,” ती म्हणाली. “सुरुंग कोन्त्या बाजूनं लावणार, ते बराबर सांगा.”

मॅनेजरने नकाशा पसरला. तिने तो पाहिला आणि विचारलं, ह्यात आमची हीर कुठं हाय. त्याने शोधली. मीही वाकून शोधली. विहीर नकाशात नव्हती.

“मंग चला, दाखवते,” म्हणून ती उठली.

ग्रामसभा उठून चालू लागल्याचं माझ्या नोकरीतलं ते एकच उदाहरण. पुढे बायका, त्यांच्यामागे मॅनेजर, मग सरपंच, आणि सगळ्यात शेवटी वही काखेत धरून मी. जाताना तिने शाळेच्या व्हरांड्यातून फक्कीची अर्धी पिशवी एका बाईच्या डोक्यावर दिली. मुलांच्या कवायतीसाठी मैदानावर पांढऱ्या रेघा मारून उरलेली ती फक्की होती. कशाला, ते कुणाला कळलं नाही.

टेकडीवर तिने जे सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. विहीर खणली तेव्हा ती तिथे दगड-माती वाहायला होती. पाणी तळातून आलं नाही, टेकडीकडच्या बाजूच्या कपारीतून आलं. म्हणजे विहिरीचं पाणी टेकडीच्या पोटात आहे. मावळतीकडून सुरुंग लावले तर पोट फाटेल आणि पाणी वाट बदलेल. उगवतीकडून कितीही फोडा.

मॅनेजर चांगला माणूस होता तरी मॅनेजर होता. तो म्हणाला, मावळतीचा दगड टणक आहे. तिने दोन्हीकडचे दोन दगड उचलले आणि हातातल्या तिसऱ्या दगडाने वाजवून दाखवले. एक घंटेसारखा वाजला, दुसरा जरा बसका.

“टणक हाय, मला बी ठाऊक. पर हा बसका बी रस्त्याला चालतो. ह्याच दगडावरून तुमची जीप आली आज.”

मग तो म्हणाला, उगवतीला ट्रक वळायला जागा नाही, गावाच्या बाजूने शेतं आहेत. बाहेर पडायला एकच पट्टी होती, ती तांड्याच्या चराईची. ती तांड्याने आधी साफ नाकारली होती. ते ऐकून ती बायकांकडे गेली आणि त्यांच्या बोलीत बोलू लागली. मला सगळं समजलं नाही. एवढं कळलं की बायका चिडल्या आहेत. एक तरुण सून तर पाठ फिरवून बसली. याडी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि हळू आवाजात पुष्कळ वेळ समजावत राहिली. पुरुष एव्हाना बिड्या ओढत सावली शोधत होते. शेवटी ती सून उठली, ती उठली म्हणून बाकीच्या उठल्या.

“वाट देतो,” ती मॅनेजरला म्हणाली. “बाजू सोडा.”

त्याने मालकाला फोन लावला. मालक हो म्हणाला. लगेच बायकांनी फक्की ओंजळीओंजळीने टाकत टेकडीच्या पाठीवरून एक पांढरी रेघ ओढली. रेघेच्या उगवतीला कंपनी, मावळतीला पाणी. मॅनेजरने त्याचा फोटो काढला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ वाटाघाटी पाहिल्या होत्या. आपल्याला काय हवं, समोरच्याला काय हवं आणि आपल्याजवळ द्यायला काय आहे, हे तिन्ही माहीत असलेलं माणूस त्यात पहिल्यांदाच पाहिलं. आमच्या चौघा वजनदारांनी व्यायामशाळा मागितली होती.

आम्ही परत टेबलाशी आलो. ती माझ्यासमोर उभी राहिली.

“लिव्हलं का, भाऊसाहेब?”

मी वहीवर पेन फिरवत होतो. पान भरलेलं होतं. समासात लिहिलं तर खाडाखोड दिसेल, खाडाखोड दिसली तर फाइल परत येईल, असा विचार मी करत होतो. म्हणालो, “लिहिलं.”

“वाचून दाखवा.”

मी बोट ‘संपूर्ण क्षेत्र’ या शब्दांवर ठेवलं आणि वाचलं, “टेकडीच्या उगवतीच्या बाजूनेच उत्खनन करण्यात येईल, मावळतीच्या बाजूस हात लावण्यात येणार नाही.” कार्यालयीन भाषा माझ्या तोंडी इतकी बसली होती की नसलेलं वाक्यही मी स्वल्पविरामासकट वाचू शकलो.

“पुन्हा एकदा.”

मी पुन्हा वाचलं. तिने मान वर केली.

“पहिल्यांदा हात म्हणले. आता धक्का म्हणले. लिव्हलेलं तर येकच असंल ना?”

सरपंच हसत म्हणाले, “याडी, भाऊसाहेबाला आता शाळा शिकविती का?” सगळी सभा हसली. मीही हसलो. मग तिसऱ्यांदा, पहिल्या वेळेचे शब्द नीट आठवून, हात असं म्हणून वाचलं. तिचं समाधान झालं. मी शाईचा पॅड पुढे केला. तिने डावा अंगठा मी दाखवलेल्या जागी उमटवला. त्या जागेसमोर छापलेलं होतं: सूचक.

नंतर लिहिणार होतो. हे मी स्वतःला बारा वर्षं सांगत आलो आहे, आणि ते खोटं नाही. दुसऱ्या दिवशी मी वही उघडूनही बसलो. सरपंच आणि मॅनेजर आले. क्षेत्र बदललं तर मोजणी नव्याने करावी लागेल, नकाशा नवा, सगळं पुन्हा पहिल्यापासून, असं मॅनेजर म्हणाला. सरपंच म्हणाले, “अख्ख्या गावासमोर ठरलंय ना तोंडी? मंग कागदाला काहून तकलीफ द्यायची?” मला निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. युक्तिवाद मला अतिशय पटला. इतका पटला की महिला सभेच्या अध्यक्षेची रिकामी जागाही मी तिथेच भरून टाकली. कुणाचं नाव घालावं याचा विचार करावा लागला नाही. सबंध गावात बोललेली बाई एकच होती. आपण तिचा मानच करतो आहोत, असं मला लिहिताना वाटलं. अक्षर छान आलं.

फाइल सात टेबलांवरून गेली. सातही टेबलांवर पुरुष होते, कुणालाही काही खटकलं नाही. उलट कौतुक झालं. निरक्षर महिलेच्या अध्यक्षतेखाली सभा, तिनेच मांडलेला ठराव, टेकडीवर स्वतः हद्द आखणाऱ्या बायकांचा फोटो. मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. बायको भाकरी थापत होती. तिने मान न उचलता विचारलं, “महिला सभा म्हणजे ते शाळेतलं हळदीकुंकूच ना? मग ती विधवा बाई तिथे कशी?”

जिला कुणी बोलावणार नव्हतं, जी हळदीकुंकवाच्या दिवशी त्या व्हरांड्याची पायरी चढू शकत नव्हती, नेमकं तिलाच मी अध्यक्षस्थानी बसवलं होतं. कुठल्याही बाईच्या हे एका क्षणात लक्षात आलं असतं. बायकोला मी म्हणालो, तुला त्यातलं कळत नाही.

प्रशस्तिपत्रानंतर प्रशिक्षणं आली. नव्या ग्रामसेवकांसमोर मी ‘महिलांचा निर्णयप्रक्रियेतील सहभाग’ या विषयावर बोलू लागलो. फोटो पडद्यावर दाखवायचो. ‘या माउलीला अक्षर येत नाही, पण तिने करार वाचून घेतला, एकदा नव्हे, तीनदा,’ असं म्हणालो की टाळ्या पडायच्या. टाळ्या कुठे पडतात हे कळल्यावर मी तिथे थोडा थांबायलाही शिकलो.

खाणीचं काम सुरू झालं. ट्रक तांड्याच्या चराईतून जाऊ लागले. काही महिने कंपनीने उगवतीकडूनच फोडलं, ते मॅनेजरच्या भलेपणामुळे. मग त्याची बदली झाली. नव्याने कागद पाहिला. कागदात संपूर्ण क्षेत्र होतं. फक्कीची रेघ वाऱ्याने आणि शेळ्यांच्या खुरांनी केव्हाच गेली होती. मावळतीकडून सुरुंग सुरू झाले. विहिरीचं पाणी आधी गढूळ झालं, मग खाली जाऊ लागलं, आणि होळीच्या सुमारास तळाचा दगड दिसला. कंपनीने टँकर दिला. त्यावर ‘पाणी हेच जीवन’ असं लिहिलेलं होतं आणि खाली कंपनीचं नाव.

तिने तक्रार केली. तांड्याच्या सगळ्या बायका आणि तांड्याचा कारभार पाहणारे नाईक तिच्यासोबत आले. चौकशीला एक साहेब ग्रामपंचायतीत येऊन बसले. माणूस सभ्य होता, तिला खुर्ची दिली. ती म्हणाली, करारात मावळतीला हात लावायचा नाही असं लिव्हलं हाय, भाऊसाहेबांनी तीनदा वाचलं. साहेबांनी पान उघडलं, वाचलं, आणि तिला ओळन्‌ओळ ऐकवलं. ती ओळ त्यात नव्हती. मग त्यांनी अंगठा दाखवला. हा तुमचाच ना. तिने पाहिलं आणि व्हय म्हणाली.

“म्हणजे संपूर्ण टेकडी द्यावी, ही सूचना तुमचीच आहे. त्याआधी महिला सभेच्या अध्यक्षस्थानीही तुम्हीच होता.”

“कोन्ती सभा?”

साहेबांनी तारीख सांगितली. तिच्याबरोबरच्या बायकांनी ती लगेच ओळखली. त्यातल्या दोघी-तिघींच्या घरी तो डबा होता.

ती म्हणाली, “मी बिनकुंकवाची बाई. मला हळदीकुंकवाला कोण बसवंल, साहेब? भाऊसाहेबांनाच इचारा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीही पाहत होती. तिच्या नजरेत तेव्हा राग नव्हता. मी आता सांगेन, अशी खात्री होती. तिची टेकडी जाणार होती ती गेलीच होती. पण तिने आपल्या माणसांना फसवलं नाही, एवढं त्या खोलीत एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि ते सांगू शकणारा माणूस मी एकटाच होतो.

साहेबांनी विचारलं, “काय ग्रामसेवक?”

मी म्हणालो, “रेकॉर्डप्रमाणे बरोबर आहे, साहेब.”

तिने ते पान साहेबांकडे परत सरकवलं. मग बायका निघाल्या. जाताना त्या सुनेने, जिला तिने टेकडीवर उकिडवं बसून समजावलं होतं, तिला त्यांच्या बोलीत काही विचारलं. मला तेवढं समजलं. तुला काय मिळालं, असं तिने विचारलं होतं.

पुढचं मी ऐकून आहे, आणि थोडं पाहिलेलं. तांड्याने तिला वाळीत वगैरे टाकलं नाही. असं कुणी आता टाकत नाही. फक्त तिला विचारायचं बंद झालं. लग्न ठरवताना, भांडण मिटवताना, बाळंतिणीचं अडलं तर तिला बोलावत, ते थांबलं. मी एकदा टँकरच्या वेळी तांड्यात गेलो होतो. ती घागर घेऊन आली तर रांगेतल्या बायका बाजूला झाल्या. मला आधी वाटलं, मान देतात. मग पाहिलं, पाणी भरून ती जाईपर्यंत कुणीच तिच्याजवळ उभं राहिलं नाही.

मी ठरल्या तारखेला निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, भाषणं. माझ्या हातून एकही खाडाखोड झाली नाही, असं एक वक्ता म्हणाला. ते अक्षरशः खरं होतं.

माफी मागायचं मी पहिल्यांदा ठरवलं त्याला पाच-सहा वर्षं झाली. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात ती दिसली. वाळलेल्या मिरच्यांचा छोटा ढीग मांडून बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि वाक्य जुळवू लागलो. ती म्हणाली, “किती देऊ?” मी एक किलो म्हणालो. आमच्याकडे तिखट कुणीच खात नाही.

दुसऱ्यांदा नीट तयारी केली. माणूस बोलायला लागला की अडतो, म्हणून मी सगळं कागदावर लिहून काढलं. गेल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, एसटीने गेलो आणि नाक्यावरून तांड्यापर्यंत चालत गेलो. टेकडीच्या जागी आता मोठा खड्डा आहे. ती दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. बरीच वाळली होती. मला तिने लांबूनच ओळखलं. मी खिशातून कागद काढला, घडी उलगडली, चष्मा लावला. शेजारच्या दोन बायका कुडापाशी येऊन थांबल्या होत्या. मला वाटलं, बरंच झालं, त्यांनीही ऐकावं.

ती कागदाकडे पाहत म्हणाली, “अंगठा न्हाई द्यायची, भाऊसाहेब.”

मी म्हणालो, “अंगठा नको बाई. तुम्हाला फक्त वाचून दाखवायचं आहे.”

“तुमी वाचून बी दाखवू नका,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, पाहुण्याला बसा म्हणावा तसा. मग तिने आत पाहून चहा ठेवायला सांगितलं. “चालत आले असाल. चहा घ्या.”

मी चहा घेतला. तिने घरच्यांची विचारपूस केली, गुडघे कसे आहेत ते विचारलं. कागद न वाचता, तोंडाने, सरळ तिच्याकडे पाहून मी ते बोलू शकलो असतो. शेजारणी अजून उभ्याच होत्या. चहा संपला, मी येतो म्हणालो, आणि आलो.

ती या उन्हाळ्यात गेली. टेकडी तिनेच दिली, असं तांड्यात अजून म्हणतात. म्हणून हे लिहिलं. तो कागद माझ्याकडे आहे. फार मोठा नाही. त्यात असं लिहिलं आहे:

बाई, तुम्ही सांगितलेली ओळ मी लिहिली नव्हती. तीनदा वाचली ती कागदावरची नव्हती, मी तोंडाने रचत होतो. तुम्ही ते ओळखलं होतं आणि मी सगळ्यांबरोबर तुम्हाला हसलो. हळदीकुंकवाला तुम्ही नव्हता. अध्यक्ष म्हणून तुमचं नाव मी घातलं, कारण ज्यांची नावं घालायला हवी होती त्यांना मी भीत होतो. साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तुम्ही तांड्याला फसवलं नाही. तुम्हाला आणि तांड्याला मी फसवलं. हे मी तुमच्या माणसांसमोर सांगायला आलो आहे. माझं चुकलं. मला माफ करा.